तीन सेकंद

बटण एकदा दाबलं तर गाणं नुसतं थांबतं,
दोनदा दाबलं तर पुढचं लागतं.
बंदच करायचं तर अंगठा ठेवून द्यायचा, तीन सेकंद,
मग आतली बाई परक्या भाषेत काहीतरी म्हणते
आणि निळा दिवा जातो.
हे एलमासने आम्हाला मे महिन्यात शिकवलं, पहिल्या खुडणीला,
आणि आम्ही कुणीच शिकलो नाही.
नाझिफे तर स्पीकर फडक्यात गुंडाळायची,
अंधार केला की कोंबडी गप्प बसते, तसं.

रिझेच्या वरच्या अंगाला, जिथे उतार इतका उभा
की पाय सटकला तर बाई थेट
नणंदेच्या अंगणात,
तिथे आमचा चहा.
हातात पिशवी लावलेली कात्री, कचक कचक,
आणि एलमासच्या कमरेला तो केशरी डबा,
ताकाच्या पेल्याएवढा,
आवाज मात्र दरीभर.

दरीपलीकडे हुर्शितकाका.
रस्तेखात्यातून निवृत्त, एकटा, अडीच ओळी चहा
आणि सुरुंगाच्या कामावर कमावलेला घसा.
रोज दहाच्या सुमारास:
"बंद कर गं ते!"
एलमास आवाज दोन घरं वाढवायची.
तो पुन्हा. ती पुन्हा.
लग्नाकार्यात समोरासमोर आले
तर एकमेकांना ओळखसुद्धा द्यायचे नाहीत.

जुलैतल्या त्या गुरुवारी, अकराला,
खालच्या मशिदीच्या कर्ण्यातून सेला सुरू झाला.
सेला अवेळी आला की कुणीतरी गेलेलं असतं.
कात्र्या थांबल्या.
एलमासचा अंगठा घाईत बटणावर गेला, निसटला,
आणि पुढचं गाणं लागलं.
पुन्हा दाबलं. त्याच्या पुढचं,
लग्नाचं, ढोलवाल्यांसकट.
"अगं!"
बोटांना चहाचा काळा चीक,
बटण दिसतंय पण सापडत नाही.
शेवटी तिने डबा पोटाशी धरला, दोन्ही अंगठे, डोळे मिटून,
आणि आम्ही तिच्याबरोबर मोजलं.
एक.
दोन.
बाई म्हणाली जे म्हणायचं ते.

मग पोती न्यायच्या तारेवरून
पाणी ठिबकतंय, तेही ऐकू यायला लागलं.
सेला संपला. आता नाव.
वाऱ्याने त्याच्या चिंध्या केल्या:
"...महमुतचा मुलगा..."
महमुतचे मुलगे या दरीत सतरा.
शादियेचा नवरा त्यातलाच. तिने कात्री खाली ठेवली.
"...रस्तेखात्यातून..."
शादियेचा श्वास सुटला,
आणि मग तिची तिलाच लाज वाटून
ती उगाच रुमालाची गाठ सोडून बांधत बसली.
एलमासने पलीकडे पाहिलं.
धुकं होतं. पलीकडे काहीच नव्हतं.

आज दहाला हाक आली नव्हती.
खरं सांगते, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चहा थांबत नाही.
कोवळं पान बघता बघता जून होतं
आणि जून पान कारखाना परत पाठवतो.
पुरुष दफन करून आले, आम्ही उतारावर गेलो.
दुसऱ्या दिवशी त्याच्या अडीच ओळीही खुडल्या,
पोती तारेवरून खाली सोडली, त्याच्याच नावाने.
वजन भरलं एकशे बारा किलो.
काका असता तर म्हणाला असता, काटा खोटा आहे.

पाच दिवस डबा एलमासच्या घरी, चार्जरला लावलेला.
सहाव्या दिवशी कमरेला, पण बंदच.
नाझिफे म्हणाली, "लाव की.
कात्र्या ऐकून ऐकून वीट आला."
एलमासने अंगठा ठेवला.
सुरू करायलाही तीन सेकंद लागतात,
हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं.
निळा दिवा. बाई. आणि गाणं तिथूनच
जिथे तोडलं होतं, लग्नाचं, ढोल अर्ध्यात.

तिने आवाज वाढवला नाही, कमी केला नाही.
दोन कडवी तशीच गेली.
मग नाझिफेच दरीकडे वळली,
हात तोंडाशी नेले,
आणि होता नव्हता तेवढा घसा ताणून ओरडली:
"बंद कर गं ते!"

आम्ही हसलो, वाईट दिसेल इतकं.
एलमासने आवाज दोन घरं वाढवला.